साइट एका बाजूची आहे म्हणून काढून टाकू का?

मॅडम, नमस्कार. मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घालून काही उपयोग होतो का, या विषयावर माझा लघुप्रबंध आहे. एका वेबसाइटवर मला भरपूर माहिती मिळाली. आकडे, आलेख, प्रत्येक लेखाखाली वीस-पंचवीस तळटिपा. पत्ता डॉट ओआरजी आहे, नावात ‘पर्यावरण’ आणि ‘संशोधन’ हे दोन्ही शब्द आहेत. ग्रंथालयातून मिळालेल्या तपासणी-तक्त्यावर मी ती साइट पारखली, तर जवळपास सगळ्या चौकटींत बरोबरची खूण आली. तरी गाईडनी मसुद्यावर लाल शाईने लिहिलंय, ‘स्रोत पक्षपाती. पुन्हा बघा.’ कारण सांगितलेलं नाही. माझं दुसरं प्रकरण निम्मंअधिक या साइटवर उभं आहे आणि सुधारलेला मसुदा पुढच्या आठवड्यात द्यायचाय. सगळं काढून टाकू का? आणि पक्षपाती नसलेली साइट असते तरी कुठे?
— प्रकरण दोनमध्ये अडकलेली

शेवटचा प्रश्न तू वैतागून लिहिलायस हे कळतंय, पण पत्रातला तोच सगळ्यात कामाचा प्रश्न आहे. पिशव्यांवर बंदी यावी म्हणून जन्मलेली संस्था बंदीच्या बाजूने लिहिणार, बंदी येऊ नये म्हणून जन्मलेली संस्था विरोधात लिहिणार. त्यासाठीच तर त्या निघाल्यात. तेव्हा नुसतं ‘पक्षपाती’ म्हणून कुठलाही स्रोत टाकून द्यायचा नसतो. तसं केलंस तर जगातल्या निम्म्या विषयांवर तुला लिहिताच येणार नाही, कारण पहिली आकडेवारी बहुतेक वेळा बाजू घेणाऱ्यांनीच गोळा केलेली असते. त्यांनाच तिची गरज असते ना.

म्हणून गाईडच्या शेऱ्यातले पहिले दोन शब्द बाजूला ठेव आणि पुढचे दोन धर. पुन्हा बघायचं ते हे: ही बाजू कोणाची आहे, ती उघड सांगितलीय की झाकलीय, आणि तू तिथून उचललेलं एकेक विधान त्या साइटचा आधार काढून घेतला तरी उभं राहतं का. यातला तिसरा मुद्दा तुझ्या कामाचा. पहिल्या दोन्हींना मिळून अर्धा तास पुरे.

आधी तो तक्ता. लेखक कोण, तारीख कोणती, संदर्भ दिलेत का, संपर्काचा पत्ता आहे का, भाषा संयत आहे का, असे प्रश्न असलेले तक्ते ग्रंथालयांत बरीच वर्षं फिरताहेत. त्यांतला सगळ्यात गाजलेला २००४ साली कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या चिको इथल्या ग्रंथालयातून निघाला. प्रश्न वाईट नाहीत. पण त्यांतल्या बहुतेकांची उत्तरं तू त्या साइटवर बसूनच शोधतेस, म्हणजे साइटबद्दलची साक्ष साइटकडूनच घेतेस. बरा डिझायनर आणि तळटिपा लावणारा एक माणूस नेमला की सगळ्या चौकटी भरतात. डॉट ओआरजीचं म्हणशील तर तो पत्ता कुणालाही विकत घेता येतो. तुझी संस्था ना-नफा आहे का, हे कुणी विचारतसुद्धा नाही.

हे फक्त विद्यार्थ्यांचंच होतं असं समजू नकोस. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सॅम वाइनबर्ग आणि सेरा मॅकग्रू यांनी २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पीएच.डी. झालेले दहा इतिहासकार, दहा व्यावसायिक फॅक्ट-चेकर आणि स्टॅनफर्डचेच पंचवीस विद्यार्थी त्यांनी संगणकासमोर बसवले. शाळेतल्या दादागिरीवरची दोन पानं दाखवली आणि जास्त विश्वासार्ह कोणतं ते विचारलं. एक पान अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचं, म्हणजे १९३० पासूनची, साठ हजारांवर सदस्य असलेली बालरोगतज्ज्ञांची मुख्य संघटना. दुसरं अमेरिकन कॉलेज ऑफ पीडियाट्रिशियन्सचं. नावं जवळजवळ जुळी, पण हा २००२ साली फुटून निघालेला छोटा गट. समलिंगी जोडप्यांनी मुलं दत्तक घेण्याला अकॅडमीने पाठिंबा दिला, तो न पटल्याने वेगळा झालेला. दोन्ही पानं नीटनेटकी, दोन्हींना संदर्भ. दहाच्या दहा फॅक्ट-चेकरांनी अकॅडमी ओळखली. इतिहासकारांपैकी निम्म्यांनीच ओळखली. विद्यार्थ्यांत तर पाचांतल्या एकालाच जमलं.

फरक हुशारीचा नव्हता. इतिहासकार आणि विद्यार्थी पान वरून खाली वाचत बसले, मांडणीवर आणि संदर्भांवर मत बनवत राहिले. फॅक्ट-चेकरांनी पानाकडे जेमतेम पाहिलं, शेजारी नवे टॅब उघडले आणि या संस्थेबद्दल बाकीचे काय म्हणतात ते आधी शोधलं. मग हवं तर परत आले. एखाद्या स्थळाची चौकशी आपण त्या घरच्या लोकांकडे करत नाही, शेजारीपाजारी करतो, तसंच. माइक कॉलफील्ड नावाच्या शिक्षकाने हीच सवय चार पायऱ्यांत बसवली आहे: थांब, स्रोत कोण ते पाहा, त्याच विषयावरचं यापेक्षा चांगलं काही शोध, आणि विधानाचा उगम गाठ. मला स्वतःला ही पद्धत तक्त्यापेक्षा कितीतरी जास्त उपयोगी वाटते. तक्ता भरून झाला की काम झाल्यासारखं वाटतं, तीच त्याची अडचण आहे.

तर साइट बंद कर. तिचं पूर्ण नाव अवतरणचिन्हांत टाकून शोध घे आणि निकालांतून तिची स्वतःची पानं वगळ. वर्तमानपत्रांनी तिच्याबद्दल काय लिहिलंय, विकिपीडियावर पान आहे का, विरोधी बाजू तिच्यावर कोणते आरोप करते ते बघ. विकिपीडियाचं नाव काढल्यावर गाईड भुवया उंचावतील. उंचावू देत. तिथून वाक्य उचलायचं नाहीच आहे. तिथल्या तळटिपांतून बातम्या आणि कागदपत्रं कुठे आहेत तेवढं घ्यायचं. आरोप वाचतानाही विरोधकांची बाजू असतेच हे धरून चाल, पण त्यांनी एखाद्या कागदाकडे बोट दाखवलं असेल तर तो कागद जरूर बघ.

मग पैसा. ‘आमच्याविषयी’ हे पान उघडून फक्त नामं शोध, विशेषणांकडे बघू नकोस. ‘चिंतित नागरिक, शास्त्रज्ञ आणि उद्योजकांचं व्यासपीठ’ या ओळीत एकही नाम कामाचं नाही. माणसांची नावं आहेत का, देणगीदारांची यादी आहे का, वार्षिक अहवाल आहे का? साइटवर नसेल तर नोंदणीच्या देशात बघ. इंग्लंड आणि वेल्समधल्या धर्मादाय संस्थांची नोंद आणि हिशेब चॅरिटी कमिशनच्या संकेतस्थळावर असतात. अमेरिकेतल्या बहुतेक ना-नफा संस्था दरवर्षी फॉर्म ९९० हे विवरणपत्र भरतात, तो कुणालाही पाहता येतो. खर्च आणि पदाधिकाऱ्यांचे पगार त्यात कळतात, देणगीदारांची नावं मात्र बहुधा झाकलेली असतात. युरोपीय संघाकडे लॉबिंग करणाऱ्यांची स्वतंत्र नोंदवही आहे. काहीच सापडलं नाही तर तीही माहितीच आहे, ती तशी लिही.

पैसा का बघायचा याचं एक उदाहरण देते. २०१५ साली ‘ग्लोबल एनर्जी बॅलन्स नेटवर्क’ नावाचा एक गट पुढे आला. विद्यापीठांतले प्राध्यापक, नेटकी साइट, आणि सांगणं असं की लठ्ठपणाच्या बाबतीत लोक खाण्यापिण्याकडे फार बघतात, व्यायामाकडे कमी. त्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छापलं की गट उभा करायला कोका-कोलाने १५ लाख डॉलर दिले होते, आणि साइटच्या पत्त्याची नोंदणी थेट कोका-कोलाच्या अटलांटातल्या मुख्यालयाच्या नावावर होती. गटाच्या अध्यक्षांचा खुलासा असा की आमच्यापैकी कुणाला साइट काढता येत नव्हती, म्हणून कंपनीने नोंदणी करून दिली. वर्ष संपायच्या आत गट गुंडाळला गेला. व्यायाम चांगला असतो हे त्याने खोटं ठरलं नाही. पण ‘व्यायामावर जास्त भर द्या’ हा सल्ला नेमका कोणाच्या सोयीचा होता, हे कळल्यावर त्या साइटवरचं प्रत्येक वाक्य वेगळं वाचावं लागतं. नोंदणी कोणाच्या नावावर आहे हे तुलाही बघता येईल, फक्त फार आशा ठेवू नकोस. युरोपचा खासगी माहितीचा कायदा २०१८ मध्ये लागू झाल्यापासून अशा नोंदींतली नावं बहुतेक ठिकाणी झाकतात.

आता तुझ्या मसुद्याकडे येते. त्यातली दोन पानं तू जोडली होतीस हे बरं केलंस, कारण खरी गंमत तिथे आहे. तू लिहिलंयस: ‘संशोधनानुसार कापडी पिशवी ७,१०० वेळा वापरली तरच ती प्लास्टिकच्या पिशवीपेक्षा पर्यावरणाला चांगली ठरते.’ तळटीप त्या साइटची. साइटची तळटीप एका बातमीची. बातमीच्या मागे गेलं की डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याचा फेब्रुवारी २०१८ चा अहवाल निघतो. आकडा खरा आहे, अहवालातच आहे. पण त्याच अहवालात, त्याच साध्या सुती पिशवीसमोर, आणखी एक आकडा आहे: ५२.

दोन्ही बरोबर आहेत. फक्त हवामानबदलाचा विचार केला तर सुती पिशवी ५२ वेळा वापरली की हिशेब बरोबरीत येतो. अभ्यासात असे बरेच निकष होते, पाण्याचा वापर, ओझोनच्या थराची हानी वगैरे, आणि सगळ्या निकषांवर एकाच वेळी बरोबरी साधायची म्हटलं तर जो निकष सगळ्यात वाईट, तो आकडा ठरवतो. सुती कापडाच्या बाबतीत ओझोनचा निकष वाईट निघाला, म्हणून ७,१००. आणखी एक गोष्ट त्याच अहवालात स्पष्ट लिहिलेली आहे: उघड्यावर पडणाऱ्या कचऱ्याचा परिणाम हिशेबात धरलेला नाही, कारण डेन्मार्कमध्ये तो नगण्य मानला. आता बघ, बंदी घालणारी बहुतेक सरकारं कोणतं कारण देतात? तुंबलेली गटारं, समुद्रातला कचरा, जनावरांच्या पोटातलं प्लास्टिक. म्हणजे ज्या कारणासाठी बंदी घातली जाते ते कारणच ज्या अभ्यासात मोजलेलं नाही, तो अभ्यास बंदी फसल्याचा पुरावा म्हणून तुझ्या प्रकरणात येऊन बसलाय.

तुझ्या साइटने खोटं एक अक्षरही लिहिलेलं नाही, हे लक्षात घे. तिने दोनातला एक आकडा निवडला आणि अट गाळली. बाजू लढवणाऱ्या चांगल्या साइट्स हेच करतात, खोटं बोलायची त्यांना गरज पडत नाही. म्हणून ‘ही माहिती खरी आहे का’ एवढं विचारून तू सुटत नाहीस. शेजारचं काय गाळलंय, ते मूळ कागदावरच कळतं. गाईडना लाल शाई का काढावी लागली याचा माझा अंदाज हाच आहे.

पण तेवढ्याने उलट्या बाजूला धावू नकोस. बंदीच्या बाजूच्या साइट्सही तू वापरल्यायस आणि तिथे तुझा हात जरा सैल सुटलाय, कारण मनातून तुला बंदी पटते. मसुद्यात ते दिसतं. ‘प्लास्टिकची पिशवी कुजायला एक हजार वर्षं लागतात’ हे वाक्य तू तळटिपेशिवाय लिहिलंयस. आजच्या आकाराच्या पिशवीचं अमेरिकन पेटंट १९६५ चं आहे. हजार वर्षांचा अनुभव कुणाकडेच नाही, तो अंदाज आहे, आणि अंदाज कुणी, कोणत्या परिस्थितीसाठी केला हे लिहिल्याशिवाय तो वापरता येत नाही.

स्ट्रॉचा आकडाही तसाच. अमेरिकेत रोज ५० कोटी प्लास्टिकच्या स्ट्रॉ वापरल्या जातात, हे विधान मोहिमांच्या साइट्सवरून मोठ्या वर्तमानपत्रांत आणि तिथून सरकारी पानांपर्यंत गेलं. २०१८ च्या सुमाराला पत्रकारांनी उगम शोधला तेव्हा तो २०११ साली नऊ वर्षांच्या एका शाळकरी मुलाने स्ट्रॉ बनवणाऱ्या कंपन्यांना फोन करून काढलेला अंदाज निघाला. मुलाचं कौतुकच आहे, त्याने निदान फोन तरी केले. पुढच्या मोठ्या माणसांनी तेवढंही केलं नाही. बाजार-संशोधन करणाऱ्या कंपन्यांचे अंदाज नंतर त्याहून कमी आले. दहा साइट्सवर एकच आकडा दिसला म्हणजे दहा पुरावे झाले असं नसतं, दहाही जणांनी एकाच ठिकाणाहून उचललेला असू शकतो.

आणि संस्था नावाजलेली असली म्हणून उगम शोधायचं काम टळत नाही. इराकने कुवेत व्यापल्यावर, ऑक्टोबर १९९० मध्ये, एका पंधरा वर्षांच्या कुवेती मुलीने अमेरिकेतल्या लोकप्रतिनिधींसमोर सांगितलं की इराकी सैनिकांनी रुग्णालयात घुसून तान्ह्या बाळांना इन्क्युबेटरमधून बाहेर काढून मरायला टाकलं. डिसेंबरमध्ये ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्कांच्या संस्थेच्या अहवालात बाळांच्या मृत्यूचा ३१२ हा आकडा आला. ही साक्ष जुळवून आणण्यामागे ‘सिटिझन्स फॉर अ फ्री कुवेत’ नावाची संघटना आणि तिने नेमलेली हिल अँड नोल्टन ही जनसंपर्क कंपनी होती. नाव नागरिकांचं, पैसा जवळजवळ सगळा कुवेत सरकारचा. ती मुलगी कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूतांची लेक होती, हे १९९२ मध्ये उघड झालं. पण त्याआधीच, एप्रिल १९९१ मध्ये, ॲम्नेस्टीने जाहीर केलं होतं की या आरोपाला विश्वासार्ह पुरावा आम्हाला सापडला नाही. संस्था पारखताना म्हणूनच मी दुरुस्तीचं पान असतं का ते बघते. स्वतःच्या बाजूच्या सोयीचं असलेलं विधान जी संस्था मागे घेते, तिचं पुढचं विधान मी जरा निवांतपणे वाचते. तुझ्या साइटवर तसं पान नसेल तर वेबॅक मशीन या वेबपानांच्या संग्रहात तिच्या जुन्या प्रती बघ. एखादा आकडा कधी गुपचूप बदललाय का, पूर्वी ‘आमच्याविषयी’मध्ये कोणती नावं होती आणि आता कोणती गाळली, हे तिथे कधीकधी हाताला लागतं.

तर ‘सगळं काढून टाकू का?’ याचं उत्तर: नाही, पण साइटला तिची जागा दे. तुझ्या विषयात बंदीला विरोध करणारे काय म्हणतात हे सांगायला हीच साइट अगदी योग्य, पहिल्या दर्जाचा स्रोत आहे. तिथे ती बिनधास्त उद्धृत कर, फक्त ओळख करून दे: ‘बंदीला विरोध करणाऱ्या अमुक संस्थेच्या मते’. निधीबद्दल काही सापडलं तर तेही एका वाक्यात लिही. आकडे, मोजमापं, अभ्यासाचे निष्कर्ष यांच्यासाठी मात्र तळटीप साइटची नको, मूळ अहवालाची हवी, आणि मूळ अहवाल तू उघडून पाहिलेला हवा. साइटवर वाचून तळटीप अहवालाची लावलीस तर ती चोरी ठरते, शिवाय व्हायव्हात पहिल्याच प्रश्नाला उघडी पडते. मूळ कागद मिळालाच नाही तर विधान गाळ, किंवा ‘संस्थेचा दावा’ म्हणून ठेव. कापडी पिशवीचं वाक्य साधारण असं होईल: ‘डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याच्या २०१८ च्या अभ्यासानुसार सुती पिशवी बरोबरीला यायला हवामानाच्या निकषावर ५२ वेळा, तर सर्व निकष धरल्यास ७,१०० वेळा वापरावी लागते; उघड्यावरच्या कचऱ्याचा परिणाम या अभ्यासात धरलेला नाही.’ लांब आहे, मान्य. पण यावर कुणी लाल शाई काढणार नाही, आणि तुझ्या चर्चेला नवा मुद्दा मिळतो तो वेगळाच.

आठवडाच आहे, तेव्हा पंचवीसच्या पंचवीस तळटिपांच्या मागे लागू नकोस. तुझा युक्तिवाद ज्या चार-पाच आकड्यांवर टेकलाय तेवढे आधी निवड आणि त्यांचा उगम गाठ. डेन्मार्कचा अहवाल इंग्रजीत आहे, फुकट उतरवता येतो, सुरुवातीला सारांश आहे. सारांश वाचून थांबू नकोस, काय मोजलं आणि काय सोडलं हे सांगणारा भागही वाच. उद्या गाईडना भेटून एवढंच विचार की हरकत साइटवर आहे की ठरावीक विधानांवर. बहुतेक गाईड या प्रश्नावर खूश होतात. नाही झाले तरी कोणती पानं आधी दुरुस्त करायची ते कळेल.